गणित सक्तीचं किती ठेवायचं: यादी करण्याची माझी रीत

शाळा सोडून बारा वर्षं झालेली माझी एक विद्यार्थिनी मला भेटायला आली. हातात कर्जाचे दोन कागद होते. दोन्ही कर्जं एक लाखाची, दोन्हींची मुदत तीन वर्षं. एका कागदावर दहा टक्के लिहिलं होतं, दुसऱ्यावर चौदा. "बाई, दहाचंच घेणार आहे, पण सही करायच्या आधी एकदा तुम्ही नजर टाका," ती म्हणाली. दहाच्या आकड्यापुढे 'फ्लॅट' असा शब्द होता आणि चौदाच्या पुढे 'रिड्यूसिंग'. या दोन शब्दांकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

मी कोरा कागद काढून तिलाच हिशोब मांडायला सांगितला. पहिल्या कर्जात पूर्ण लाखावर तीन वर्षांचं व्याज, म्हणजे ३०,०००. एकूण परतफेड १,३०,०००, महिन्याचा हप्ता ३,६११. दुसऱ्या कर्जात व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. तिथे हप्ता साधारण ३,४१८ आणि एकूण परतफेड १,२३,००० च्या आसपास. दहा टक्क्यांचं कर्ज चौदा टक्क्यांच्या कर्जाहून सात हजारांनी महाग होतं. मग मी तिला पहिल्या कर्जाचा शेवटचा महिना बघायला लावला. त्या महिन्यात फेडायचं मुद्दल उरतं २,७७८ आणि त्यावर व्याज लागतं ८३३, कारण व्याज अजूनही मूळ लाखावरच चालू असतं. त्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

ही मुलगी गणितात नापास झालेली नव्हती. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. जाता जाता तिने मला वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणून दाखवलं, एकाही चिन्हाची चूक न करता. ते मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. सरळव्याजही शिकवलं होतं, पण तीन तासांत, कारण पुढे अवयव पाडण्याचे अकरा प्रकार वाट बघत होते.

मी एकतीस वर्षं माध्यमिक वर्गांना गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांना बसले. 'गणित सक्तीचं किती असावं' यावर तिथे दोन बाजू पडतात. एक म्हणते, गणिताशिवाय डोकं घडत नाही, कमी करू नका. दुसरी म्हणते, पोरं रडतात, आयुष्यात काही लागत नाही, काढून टाका. दोन्ही बाजू गणित म्हणजे एक अखंड ठोकळा धरून चालतात. मी मात्र यादी करते. ती कशी करायची ते इथे सांगते. शिक्षक असाल, शाळेच्या समितीवर असाल किंवा पालक म्हणून मत मांडायचं असेल, तर तुम्हालाही ती करता येईल. चार-पाच बैठका लागतील. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका आणि एक पेन्सिल पुरते.

सुरुवात मोठ्या माणसांपासून करा

अनुक्रमणिका उघडण्याआधी एक छोटी प्रश्नपत्रिका बनवा आणि शाळा सोडून दहा-पंधरा वर्षं झालेल्या ओळखीच्या माणसांना सोडवायला द्या. नाव लिहायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. मी सहसा हे प्रश्न घालते.

किंमत आधी २० टक्के वाढवली, मग २० टक्के कमी केली. मूळ किमतीला आली का? (शंभराचे एकशेवीस होतात आणि एकशेवीसचे २० टक्के गेले की ९६.) दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश? एका स्तंभालेखात उभा अक्ष ९५ पासून सुरू होतो आणि त्यात ९६ आणि ९८ असे दोन स्तंभ आहेत. दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. खरा फरक किती? नऊ जणांचा पगार सारखा आणि दहाव्याचा त्यांच्या वीसपट, तर 'सरासरी पगार' ऐकून नऊ जणांबद्दल काय कळतं? वर्षाला ६ टक्क्यांनी वाढणारी रक्कम दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षं लागतील? आणि वर सांगितलेली दोन कर्जं.

हे प्रश्न देताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. माणसं अडतात ती सहावी-सातवीत शिकलेल्या गोष्टींवर. नववी-दहावीचं गणित तर त्यांच्या हाताशीच नसतं, त्यामुळे त्यात अडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे सक्तीची वर्षं आपण वर वर वाढवत गेलो आणि खालचा मजला कच्चाच राहिला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या पिसा चाचणीत २०२२ साली सदस्य देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी सरासरी ३१ टक्के मुलं गणितात दुसऱ्या पातळीच्या खाली होती. ही पातळी फार उंच नाही. दोन रस्त्यांच्या एकूण अंतरांची तुलना करणं, एका चलनातली किंमत दुसऱ्या चलनात मांडणं, एवढ्याची ती पातळी. आणि ही सगळी मुलं वर्षानुवर्षं सक्तीचं गणित शिकत आलेली होती.

म्हणून यादीच्या माथ्यावर एक प्रश्न लिहा: तिसाव्या वर्षी या माणसाच्या अंगात काय असायला हवं? सोळाव्या वर्षी परीक्षेत काय लिहिता आलं पाहिजे, हा प्रश्न नंतरचा.

तीन ढीग

आता अनुक्रमणिका घ्या आणि प्रत्येक घटकापुढे एक अक्षर लिहा. माझी अक्षरं आहेत 'र', 'द' आणि 'ह'. 'र' म्हणजे रक्षण: हे येत नसेल तर दुसरं कोणी आपल्या वतीने ठरवेल आणि आपल्याला ते कळणारही नाही. 'द' म्हणजे दार: हे आलं नाही तर पुढचे अनेक व्यवसाय कायमचे बंद होतात. 'ह' म्हणजे हौस: हे सुंदर आहे, कोणाला तरी पुढे लागेलही, पण न आल्याने कोणाचं काही अडत नाही.

'र'चा ढीग सगळ्यांना सक्तीचा. त्यावर मी तडजोड करत नाही. 'द'मधलं थोडं सक्तीचं, बाकीचं पर्यायी, पण सहज मिळेल असं. 'ह' पूर्ण ऐच्छिक, आणि ते शिकवणाऱ्याला ते मनापासून आवडत असलं पाहिजे.

'र'मध्ये माझ्याकडे आज काय काय आहे ते सांगते: पूर्णांकांवरच्या क्रिया आणि उत्तराचा अंदाज, अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, गुणोत्तर-प्रमाण (जुनं त्रैराशिक धरून), मापन आणि एककं, सरळ आणि चक्रवाढ व्याज, आलेख वाचणं, सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक, आणि संभाव्यता. यादी लहान दिसते. ती पक्की करायला किती तास लागतात ते मोजलंत की लहान वाटणार नाही.

यातल्या अपूर्णांकांवर थांबायला हवं, कारण सगळी गाडी तिथे घसरते. दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांची बेरीज पाच सप्तमांश लिहिणाऱ्या मुलाला आपण 'चूक' म्हणून पुढे जातो. तो चुकला हे खरं, पण त्याच्या मनात अपूर्णांक ही एक संख्या नाहीच. वर एक आणि खाली एक अशा त्या दोन वेगळ्या संख्या आहेत आणि त्याने त्या नियमाने मिळवल्या. ज्याला अपूर्णांक संख्यारेषेवर कुठे बसतो हे दिसत नाही, त्याला पुढे 'क्ष भागिले तीन' हे नुसतं चित्र वाटतं. २०१२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची दीर्घकाळाची माहिती तपासली. दहा-बाराव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती येतात यावरून त्या मुलांचं पाच-सहा वर्षांनंतरचं बीजगणित कसं असेल याचा अंदाज येत होता. बुद्ध्यांक, वाचन आणि घरची परिस्थिती यांचा परिणाम वजा करूनही. माझ्या वर्गांतही मी हेच पाहिलं आहे. बीजगणितात अडलेलं पोर खरं तर बीजगणितात अडलेलं नसतं. ते तीन वर्षांपूर्वी छेदापाशी अडलेलं असतं, आणि आपण त्याला 'क्ष'च्या नावाने रागावतो.

करायचं काय? अपूर्णांक एका इयत्तेत 'पूर्ण' झाले असं समजायचं नाही. सलग तीन वर्षं, आठवड्यात एक तास, संख्यारेषेवरच ठेवा. आकृतीत रंगवलेले भाग पहिल्या महिन्यापुरते ठीक. एकापेक्षा मोठे अपूर्णांक त्या रंगवलेल्या भागांत मावत नाहीत आणि मुलं गोंधळतात.

संभाव्यता 'र'मध्ये का

अनेक शिक्षक तिला 'ह'मध्ये टाकतात, कारण फासे आणि नाणी यांपलीकडे ती पुस्तकात जात नाही. पुढच्या बैठकीत एक उदाहरण मांडा आणि बघा किती जण बरोबर सांगतात. एक आजार शंभरात एकाला आहे. चाचणी अशी, की आजारी माणसांपैकी ९० टक्के ती पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी आजार दाखवते आहे. तुम्ही खरोखर आजारी असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण नव्वदच्या आसपास काहीतरी सांगतात. आता टक्के बाजूला ठेवा आणि हजार माणसं उभी करा. त्यांत आजारी १०, त्यांतली ९ पकडली जातात. निरोगी ९९०, त्यांच्या ९ टक्के म्हणजे साधारण ८९ जणांना चुकीने आजारी ठरवलं जातं. आजारी ठरलेले एकूण ९८, खरे आजारी ९. अकरात एक. भीतीने झोप उडालेल्या माणसाला ही एक ओळ येणं, ही मला सक्तीच्या लायकीची गोष्ट वाटते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की टक्क्यांच्या भाषेत हा प्रश्न विचारला तर डॉक्टरही चुकतात आणि माणसं मोजायला सांगितलं की त्याच लोकांना जमतं. म्हणजे शिकवायचा भाग मोठ्या सूत्राचा नाही. भागाकार येणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला हा हिशोब एका तासात समजतो. मी तो फळ्यावर सूत्राने मांडत असे, तेव्हा कोणालाच कळत नव्हता. एकदा वहीच्या पानावर हजार ठिपके काढून रंगवायला सांगितले आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं.

बीजगणिताची रेघ

सगळ्यात जास्त वाद इथे होईल, म्हणून यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवा. बीजगणित 'र' नाही. रोजच्या व्यवहारात ते सोडवावं लागत नाही, आणि ते लागतं असं मुलांना खोटं सांगू नका. ते 'द' आहे. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, वैद्यकातलं संशोधन, संगणक, हवामान, लेखापरीक्षण अशी कितीतरी दारं त्यातूनच उघडतात, आणि तेराव्या वर्षीच्या मुलाला आपल्याला कुठल्या दारातून जायचं आहे हे माहीत नसतं. म्हणून त्याचा पाया सक्तीचा ठेवायचा. त्यात मी एवढं घेते: अज्ञात राशीला अक्षर देणं, शब्दांतलं वाक्य समीकरणात लिहिणं, एका चलातलं रेषीय समीकरण सोडवणं, सूत्रातला कर्ता बदलणं (हवी ती राशी एका बाजूला एकटी आणणं), सरळ रेषेचा आलेख आणि त्याचा चढ. दुपटीने वाढणाऱ्या गोष्टींचा आलेखही यातच, कारण चक्रवाढ तिथेच डोळ्यांना दिसते. इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ च्या पुस्तकात बहात्तरचा नियम आहे: व्याजाच्या दराने ७२ ला भागा, रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. सहा टक्क्यांना बारा वर्षं. पाचशे वर्षं झाली तरी तो नियम मुलांना पाठ असायला हवा, आणि तो अंदाजच का आहे हे मोठ्या वर्गात सांगायला हवं.

रेघेच्या पलीकडे, म्हणजे ऐच्छिक भागात, माझ्या मते जातात: अवयव पाडण्याचे सगळे खास प्रकार, करणीच्या छेदाचं परिमेयीकरण, बहुपदींचा लांबलचक भागाकार, त्रिकोणमितीतली नित्यसमानता सिद्ध करण्याची कसरत. वर्गसमीकरणही जातं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण ते शिकवायला मला फार आवडायचं.

बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल की एवढं काढलं तर गणित उरलंच कुठे. त्यांना इतिहास सांगा, शांतपणे. इंग्लंडमध्ये भूमिती म्हणजे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड याचं पुस्तक, त्याच्याच क्रमाने, असं पिढ्यान्पिढ्या चाललं. अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन पेरी यांनी १९०१ साली त्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि १९०३ साली केंब्रिजने तो क्रम सक्तीचा ठेवणं सोडलं. भूमिती टिकली. स्कॉटलंडच्या नेपियर यांचे लॉगॅरिथम (मोठ्या गुणाकाराचं काम बेरजेवर आणणारे आकडे) १६१४ साली छापले गेले आणि पुढची साडेतीनशे वर्षं मोठ्या आकडेमोडीचा तो राजमार्ग होता. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि कोष्टकं बघण्याच्या कौशल्याची गरज झपाट्याने कमी झाली. मी स्वतः लॉगची कोष्टकं शिकले आहे, भागाकार पद्धतीने वर्गमूळही काढत असे. दोन्हींचं महत्त्व ओसरलं. लॉगॅरिथमची कल्पना मात्र आजही लागते, भूकंपाची तीव्रता मोजायला लागते, ध्वनी मोजायला लागते. मागे पडलं ते कोष्टक.

भर घालतानाही हीच चाळणी लावा. १९५७ साली सोव्हिएत रशियाचा उपग्रह स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेत 'नवं गणित' आलं. लहान मुलांना संच आणि दहाखेरीज इतर पायांतली संख्यालेखनं शिकवायला घेतली. युरोपातही तेच वारं होतं. १९५९ साली फ्रान्समधल्या रॉयोमाँच्या परिषदेत गणिती झाँ द्यूदोने यांनी 'युक्लिड नको' अशी घोषणाच केली. गणितज्ञांच्या दृष्टीने ते सुसंगत होतं. पालकांना मुलांची वही कळेना, मुलांची आकडेमोड कच्ची राहिली, आणि सत्तरच्या दशकात बरंचसं मागे घेतलं गेलं. तुमच्या समितीत एखादा विद्वान 'हे मूलभूत आहे' म्हणाला तर विचारा, कोणाच्या दृष्टीने मूलभूत?

सिद्धतेबद्दल मात्र मी हट्टी आहे. 'हे असंच का असतं' याचं पूर्ण, निसटायला जागा नसलेलं उत्तर प्रत्येक मुलाने शाळेत निदान काही वेळा पाहिलेलं असावं. दहा प्रमेयं पाठ करण्याची गरज नाही. १, १+३, १+३+५ करत जा, दर वेळी वर्ग मिळतो: १, ४, ९. ठिपक्यांचा चौकोन काढा आणि त्याला काटकोनात एक नवीन पट्टी जोडा. प्रत्येक पट्टीत आधीच्यापेक्षा दोन ठिपके जास्त लागतात हे दिसलं की प्रश्न संपतो, कायमचा. हा तास मी कुठल्याच ढिगात टाकत नाही. तो सगळ्यांना मिळालाच पाहिजे.

तास मोजल्याशिवाय यादी पक्की करू नका

नुसती सक्ती केली की काय होतं याचं एक नीट अभ्यासलेलं उदाहरण आहे. शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी १९९७ साली नववीच्या सगळ्या मुलांना बीजगणित सक्तीचं केलं आणि त्याखालचे उपचारात्मक वर्ग बंद केले. नापास होणारे वाढले, चाचण्यांतले गुण सुधारले नाहीत, कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं नाही. मग २००३ साली त्याच शाळांनी दुसरी गोष्ट केली. जी मुलं आठवीच्या चाचणीत राष्ट्रीय मध्यकाच्या खाली होती त्यांना बीजगणिताला रोज दुप्पट वेळ दिला. त्या मुलांच्या पुढच्या वाटचालीचा अभ्यास झाला तेव्हा चाचणीतले गुण, शालेय शिक्षण पूर्ण करणं आणि कॉलेजप्रवेश या तिन्हींत सुधारणा दिसली. विषय तोच, शहर तेच. बदलला तो वेळ.

म्हणून तुमच्या 'र' आणि सक्तीच्या 'द'पुढे तास लिहा. एका घटकाला खरोखर किती लागतात हे शिकवणाऱ्यालाच विचारा, आणि त्या आकड्याची दीडपट करा. अर्धी मुलं पहिल्या फेरीत मागे राहतात, ती दीडपट त्यांच्यासाठी. बेरीज वेळापत्रकाबाहेर गेली तर घटक कापा. तास कापू नका. आम्ही दर वर्षी उलट करत होतो आणि त्याची किंमत त्या कर्जाच्या कागदावर मला दिसली.

परीक्षाही या यादीला शोभेल अशी हवी. शंभरात चाळीस गुण मिळाले की उत्तीर्ण, याचा अर्थ साठ गुणांचं गणित आलं नाही तरी चालतं, आणि कुठले साठ हे कोणालाच ठाऊक नसतं. माझ्या विद्यार्थिनीचे जे गुण गेले, त्यांत सरळव्याज असणार. 'र'च्या ढिगाची परीक्षा वेगळी घ्या: लहान, सोप्या भाषेतली, वर्षातून अनेकदा देता येणारी, आणि उत्तीर्ण व्हायला दहापैकी नऊ लागतील अशी. तयारी झाली की मूल बसेल. गाडी चालवायचा परवाना देताना 'ब्रेक येत नाही, पण हॉर्न छान वाजवतो' असं आपण चालवून घेत नाही.

एकच मोठी परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायला लावणं हा मात्र उपाय नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सोळाव्या वर्षी गणितात ठरलेली श्रेणी न मिळालेल्यांना पुढेही गणित चालू ठेवावं लागतं, आणि पुन्हा बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना ती श्रेणी दर वर्षी पुन्हा मिळत नाही. मूल तेच, प्रश्नपत्रिका तीच, आणि दर फेरीत 'मला येत नाही' हे वाक्य अधिक घट्ट बसतं.

कधी सोडू द्यायचं

सोळाच्या आधी कोणालाही गणित सोडू देऊ नका. सोळानंतर दोन वाटा करा, पण दोन्ही गणिताच्याच. फिनलंडच्या उच्च माध्यमिक शाळांत एक लांब आणि एक छोटा असे दोन अभ्यासक्रम असतात. फ्रान्सने २०१९ साली शेवटच्या दोन वर्षांसाठी गणित सामाईक विषयांतून काढून ऐच्छिक केलं. गणित घेणारे झपाट्याने घटले, मुलींचं प्रमाण विशेष घटलं, आणि २०२३ पासून ते न घेणाऱ्यांना शेवटून दुसऱ्या वर्षात आठवड्याला दीड तास गणित पुन्हा सक्तीचं करावं लागलं. पंधरा-सोळाव्या वर्षी 'हे माझ्यासाठी नाही' असं कोण म्हणतं ते बघा. ज्यांना कोणीतरी आधीच तसं सांगितलेलं असतं तीच मुलं आधी बाहेर पडतात. वर्गातल्या मुलींबाबत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पूर्ण मोकळ्या निवडीवर माझा विश्वास नाही.

छोट्या वाटेवर काय असावं? संख्याशास्त्र, कर्ज आणि बचत, सर्वेक्षण वाचणं, नकाशे आणि प्रमाण. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ साली गणितात कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं गटांत वाटलं. एका गटाला आधी प्राथमिक बीजगणित, दुसऱ्याला थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि जोडीला जादा मदत. बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण झाले, संख्याशास्त्रात ५६ टक्के. दोन वेगळ्या विषयांची ही तुलना आहे, त्यामुळे एकटा हा आकडा मला पुरला नसता. पण पुढे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही दुसऱ्या गटात जास्त निघालं. ज्यांना आपण कच्चे म्हणतो त्यांना खालचं, कंटाळवाणं गणित द्यायचं, ही सवय मोडायला एवढा पुरावा मला पुरतो.

आणि छोट्या वाटेवरून मोठ्या वाटेवर जायला पूल ठेवा. सुट्टीतला एक सहा-आठ आठवड्यांचा वर्ग पुरतो, त्यात वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती. अठराव्या वर्षी मन बदललेल्या मुलाला तो मिळाला पाहिजे, आणि तो आहे हे त्याला सोळाव्या वर्षीच सांगितलं पाहिजे.

ज्यांना गणित मनापासून आवडतं त्यांच्याबद्दल थोडंच सांगते: त्यांना 'र'च्या परीक्षेला लवकर बसू द्या आणि मोकळं करा. मोकळ्या तासांत 'ह'चा ढीग त्यांच्यासाठी उघडा. ती मुलं सक्तीमुळे गणिताकडे आलेली नसतात.

यादी झाली की तिच्यावर तारीख घाला आणि पाच वर्षांनी पुन्हा उघडायची हे इतिवृत्तात लिहून ठेवा. दर वेळी आधी मोठ्या माणसांची प्रश्नपत्रिका, मग ढीग, मग तास. माझी पहिली यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात कर्जाच्या हप्त्यांना दोन तास दिले होते. आत्ताच्या यादीत नऊ आहेत, आणि त्यातल्या एका तासात प्रत्येक मुलाने छत्तीस ओळींचा तक्ता स्वतःच्या हाताने भरायचा आहे, कॅल्क्युलेटर घेऊन. त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने तो भरायला घेतला तेव्हा पहिल्या सहा ओळी मी तिच्याबरोबर केल्या. सातव्या ओळीला तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली.